अव्वांच्या घोड्यांचं माहेर

खोली बघायला गेले तेव्हा अव्वांनी मला आधी घोडे दाखवले. खोली नंतर.

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मला नुकतीच शिक्षिकेची नोकरी लागली होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, आणि सोबत कोणी पुरुषमाणूस नाही, असं बघून बऱ्याच घरांनी मला खोली नाकारली होती. शेवटी कोणीतरी या टांगेवालीचं घर सांगितलं. अंगणात एक उंच, सावळ्या, साठीकडे झुकलेल्या बाई घोड्याचा खूर मांडीवर घेऊन त्यातले खडे काढत बसल्या होत्या. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. वर न बघताच त्या म्हणाल्या, "वास चालतो का?"

"कशाचा?"

"घोड्यांचा. खोली वर हाय, तबेला खाली. वास येतो. फुरफुरत्यात बी. चालंल का तुला?"

मी म्हटलं, "चालेल."

"मग ये. वळख करून देते."

आणि नव्या सुनेला सासरच्या माणसांची ओळख करून द्यावी तशी त्यांनी मला एकेका घोड्याची ओळख करून दिली. ही चंद्री, पांढरी, सगळ्यांत थोरली, हिला कोणी मागनं हात लावलेला खपत नाही. हा मल्ल्या, काळा, मनाचा चांगला पण डोक्याचा वाईट. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. तेही पाणी भरायच्या वेळेला आठवलं म्हणून.

अव्वा म्हणजे कानडीत आई. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण सगळी गल्ली त्यांना अव्वाच म्हणायची. पाळण्यातलं नाव मला कधी कळलं नाही. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. वडील तट्टांवर गूळ-तंबाखू लादून गावोगावचे बाजार करायचे. मुलगा नव्हता, म्हणून मुलीला बरोबर न्यायचे. लग्न होईपर्यंत अव्वा घरात कमी आणि रानात ठोकलेल्या पालात जास्त झोपल्या होत्या. नवऱ्याचे टांगे होते. तो वारला तेव्हा दिरांनी सांगितलं, टांगे विकून टाका. अव्वांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि तबेल्यात जाऊन शेण काढायला बसल्या. दीर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

घोड्यांशी त्या कानडीत बोलायच्या, टांगेवाल्यांशी दखनीत आणि बाकी सगळ्यांशी मराठीत. शेजारच्या विणकरणीशी तेलुगूतही बोलायच्या, पण तेलुगू त्यांना भांडण्यापुरतंच येत होतं. एखाद्यानं लांबण लावून गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली की त्या मधेच म्हणायच्या, "फुडं?" माणूस घाईघाईनं पुढचं सांगायचा. "फुडं?" आणखी पुढचं. असं करत करत गाऱ्हाणं इतकं लवकर संपायचं, की सांगणाऱ्यालाच वाटायचं, एवढंच होतं होय आपलं दुःख.

त्यांच्या टांग्यांना चाबूक होता, पण चाबकाला दोरी नव्हती. सगळ्या दोऱ्या त्यांनी कापून टाकल्या होत्या. टांगेवाले नुसती दांडी हवेत फिरवायचे. कोणी लपवून दोरी बांधलीच, तर घोड्याच्या पाठीवरून हात फिरवताच त्यांना कळायचं. मग ती दोरी चुलीत आणि टांगेवाला बाहेर.

एकदा स्टेशनाकडून येणारा आपलाच टांगा त्यांनी भर रस्त्यात अडवला. टांग्यात एक सुखवस्तू वकील, त्यांचं कुटुंब, मेव्हणे, वळकट्या आणि आंब्याची करंडी होती. अव्वांनी सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं आणि वकिलांना म्हणाल्या, "साहेब, तुमी उतरा. बाकीची जाऊ द्या."

"मी? अहो, पैसे मी देणार आहे!"

"व्हय की. पर वजन बी तुमचंच हाय."

वकील उतरले. करंडी त्यांच्या हातात दिली गेली. अव्वा त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेल्या, कारण माणसाला एकटं चालायला लावणं त्यांना बरं वाटेना. वाटेत त्यांनी वकिलांना सांगितलं म्हणे, की तुमची चाल चांगली आहे, मोडू देऊ नका.

या सगळ्याला गल्ली सरावली होती. पण माहेराचा प्रकार मात्र लोकांना शेवटपर्यंत पचला नाही.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वराची जत्रा भरते. जत्रेच्या दिवसांत टांग्यांना उसंत नसायची. पहाटेपासून खेपा चालू. जत्रा हलेपर्यंत घोडे पार पिचून जायचे. बाकीचे टांगेवाले त्याच घोड्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपायचे. अव्वा मात्र टांगे बंद करायच्या आणि सगळे घोडे घेऊन रानात मुक्कामाला जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "सासुरवाशिणीला वरसातनं एकदा म्हायेर पायजे का नको? मग ह्येंनी काय पाप केलंय?"

हुसेनचाचा हा त्यांचा सगळ्यांत जुना टांगेवाला. दाढी मेंदीनं रंगवलेली. दर वर्षी तो कुरकुरायचा, "अम्मा, धंदे के दिन हय. नक्को जाना." आणि दर वर्षी छकड्यात कडबा, पाल आणि खुंट भरून सगळ्यांच्या आधी तयार असायचा.

मी तिथं राहायला गेले त्यानंतरच्या संक्रांतीला मला हिवतापानं धरलं. ताप उतरला तरी अंगात जीव नव्हता. शाळेनं रजा दिली होती. दुपारी मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. खाली अव्वा घोड्यांच्या खांद्यांवरून हात फिरवत होत्या, कुठं कातडी सोललीय ते बघत होत्या. मधेच वर आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यांवरूनही तसाच हात फिरवला.

"तू बी चल," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"म्हायेरला."

मला माहेर नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले होते. नवरा गेल्यावर पुण्याच्या आश्रमात राहून शिकले, आणि तिथून थेट नोकरीवर आले. हे सगळं मी त्यांना सांगायला लागले.

"फुडं?" अव्वा म्हणाल्या.

पुढं काही नव्हतं. मी गेले.

रान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं घनदाट झाडी येते. आमच्याकडचं रान तसलं नसतं. शहराच्या दक्षिणेला, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, जंगलखात्याचं राखीव कुरण होतं. बाभळी, हिवर, बोरी, मधेच एखादा लिंब, आणि कमरेइतकं वाळलेलं सोनेरी गवत. त्यातून गाडीवाटा आणि पायवाटा गेलेल्या. एका ओढ्याला तोवर पाणी टिकलेलं असायचं. त्याच्या काठच्या लिंबाखाली अव्वांचा मुक्काम. पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची, आणि घोड्यांना मात्र बांधायचं नाही. खुंट नुसते रोवून ठेवायचे. "खुंट दिसला की त्यास्नी वाटतं आपलं घर हाय. लांब जात न्हाईत," असं त्या सांगायच्या.

पहिल्या दिवशी घोड्यांचं एक वागणं बघून मला नवल वाटलं. त्यांच्या अंगावर काहीही नव्हतं, तरी ते टांगा मागं असल्यासारखेच चालायचे. दोन बाभळींमधून जाताना मोकळी जागा असली तरी थबकायचे. वळण घेताना लांबून वळायचे, चाकाला जागा सोडत. मी अव्वांना ते दाखवलं.

"बरूबर," त्या म्हणाल्या. "टांगा अजून उतरला न्हाय त्येंच्यावरनं. बग आता."

तिसऱ्या दिवशी सकाळी मल्ल्या ओढ्याच्या वाळूत धाडकन आडवा झाला आणि चारी पाय वर करून लोळला. मग एकामागून एक सगळेच लोळले. चंद्रीसुद्धा. उठल्यावर अंग झाडून ती सरळ झाडीत घुसली, अगदी अंगाला अंग घासेल अशा फटीतून.

"उतरला," अव्वा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुजा न्हाय उतरला अजून."

आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचो, चुलीवर एखादी आमटी व्हायची. हुसेनचाचा आपलं वेगळं शिजवायचा आणि अव्वांच्या चटणीत तिखट कमी आहे म्हणून रोज तक्रार करायचा. दुपारभर मी लिंबाखाली पडून राहायचे. काळविटांचा कळप गवतातून जाताना दिसायचा. आपल्याला कुणी हाक मारत नाही, घंटा होत नाही, ही गोष्ट अंगात मुरायला मला बरेच दिवस लागले.

एके सकाळी जंगलखात्याचा एक तरुण अधिकारी घोड्यावरून आला. नवीन बदलून आलेला, खाकी कपडे, डोक्यावर टोपी. त्यानं चराईचा पास मागितला. अव्वांनी दाखवला.

"हा चराईचा झाला," तो म्हणाला. "राखीव जंगलात मुक्काम करायची परवानगी कुठंय?"

"मुक्काम आमी केला न्हाय, साहेब. घोड्यांनी केलाय."

"आणि तुम्ही?"

"आमी त्येंच्यासंगट आलोय. पोरींना म्हायेरी धाडताना कुणी तरी सोबत जातं का न्हाई? तसं."

त्या तरुणाला हसू आवरत नव्हतं. मग त्यानं विचारलं, "मुराळी का?" अव्वा म्हणाल्या, "व्हय. मुराळी." त्यानं फक्त चूल गवतापासून लांब करायला सांगितली, आणि ती स्वतः दगड उचलून लांब करून दिली. जाताना ओढ्याच्या वरच्या अंगाला आपला बंगला आहे, काही लागलं तर या, असंही सांगून गेला.

घोड्यावर बसायची कल्पना माझी नव्हती. पण नंतर मी हे कोणापुढं बोलले नाही, कारण पहिल्या दिवसानंतर ती माझीच झाली होती. अव्वा रोज सकाळी नऊवारीचा काचा घट्ट मारून चंद्रीवर बसायच्या आणि रानातल्या वाटेनं एक फेरी मारून यायच्या. एकदा परत आल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "बस."

"मी?"

"मग काय हुसेनला सांगू?"

हुसेनचाचा म्हणाला, "नक्को अम्मा, बाई मदरसे की हय, पडी तो?"

मी पडलेच. पहिल्या दिवशी, वाळूत. दुसऱ्या दिवशी पडले नाही. तिसऱ्या दिवशी अव्वा मल्ल्यावर आणि मी चंद्रीवर, अशा आम्ही गाडीवाटेनं टेकाडापर्यंत गेलो. येताना चंद्रीला काय वाटलं कोण जाणे, ती पळत सुटली. गवत दोन्ही बाजूंनी मागं मागं जात होतं. डोक्यावरचा पदर पडला. मी ओरडले असेन असं मला वाटत होतं. मुक्कामावर आल्यावर अव्वा माझ्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "लई दिसांनी हसलीस."

मी हसत होते हे मला त्यांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

त्यानंतर मी रोज बसायला लागले. शाळेची रजा संपायला दोन-तीन दिवस उरले होते. हुसेनचाचा छकडा घेऊन गावात कडबा आणायला गेला होता. अव्वा मल्ल्याला दोरी लावून ओढ्यावर पाण्याला नेत होत्या. झुडपातून अचानक रानडुक्कर निघालं आणि त्यांच्या पुढून गेलं. मल्ल्या उधळला. दोरीचा फास अव्वांच्या पायाला बसला. बाभळीच्या बुंध्यापर्यंत त्या फरफटत गेल्या, तिथं दोरी तुटली.

मी धावत गेले. गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळला होता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि त्या मल्ल्याला मोठमोठ्यानं शिव्या देत होत्या. मराठीत. घोड्याशी त्या मराठीत बोललेल्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या.

"हुसेन सांजपत्तूर यायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "साहेबाच्या बंगल्यावर जा. चंद्रीला घे."

"तुम्हाला अशी टाकून कशी जाऊ?"

"हितं बसून काय करशील? रडशील. जा! जीन घालत बसू नगं. मानंवरचे केस धर. वाट तिला ठावं हाय."

मी त्यांच्या डोक्याखाली घोंगडी दिली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि चंद्रीच्या उघड्या पाठीवर चढले. कशी चढले ते आठवत नाही. बाभळीच्या फांद्या दंडांना ओरबाडत होत्या. एका ठिकाणी वाट फुटली. मी डावीकडे ओढलं, चंद्री उजवीकडे गेली, आणि उजवीकडेच बंगला होता.

बंगल्याच्या व्हरांड्यात तो अधिकारी आणि सोलापूरहून शिकारीला आलेले काही गृहस्थ चहा घेत होते. बाहेर मोटार उभी होती. मी अंगणात कशी आले असेन याचं चित्र नंतर मला पुष्कळांनी ऐकवलं: पदर खांद्यावर नाही, केस सुटलेले, काचा मारून, घोड्याच्या उघड्या पाठीवर पुरुषासारखी बसलेली एक विधवा बाई. पण त्या वेळी ती माणसं देवासारखी धावली. त्यांनी बंगल्याचं एक दार काढून त्यावर अव्वांना झोपवलं, मोटारीपर्यंत उचलून नेलं आणि सोलापूरच्या इस्पितळात पोचवलं. पाय वाचला. थोडा आखूड झाला, एवढंच. ते उपकार मी विसरलेले नाही.

त्या गृहस्थांपैकी एक आमच्या शाळेच्या अध्यक्षांचे भाचे निघाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी ही हकीकत घरी कौतुकानंच सांगितली असणार. पण ती गावभर फिरता फिरता बदलली. शाळेतली बाई आजारपणाची रजा काढून रानात घोडे उडवते, असं तिचं रूप झालं. पालक विचारायला लागले.

आमच्या मुख्याध्यापिका मायाळू होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "बाई संकटात होती, दुसरं कोणी जवळ नव्हतं, तुम्ही नाइलाजानं एकदा घोड्यावर बसलात. प्राण वाचवायला. यात कोण काय बोलणार? एवढंच सांगायचं. मी अध्यक्षांशी बोलले आहे. ते त्या बाईंना स्वतः विचारतील, आणि विषय संपेल."

मला हायसं वाटलं. खोटं असं त्यात काही नव्हतं. थोडं सांगायचं, बाकीचं सांगायचं नाही.

अध्यक्ष वयस्कर, सज्जन गृहस्थ होते. मुख्याध्यापिकांना घेऊन ते स्वतः आमच्याकडे आले. अव्वा ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी दाराशी उभी होते. अध्यक्षांनी तब्येतीची चौकशी केली, घोड्यांची केली. मग म्हणाले, "या बाई त्या दिवशी नाइलाजानं घोड्यावर बसल्या, असं आम्ही समजतो. तुम्ही हो म्हणालात की पुरे."

"नाइलाजानं?" अव्वा म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या नजरेत जे काही होतं ते त्यांना वाचता येत होतं, याची मला आजही खात्री आहे.

"म्हणजे, तुमचा जीव वाचवायला," मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या.

"ते खरं हाय. वाचवला की." अव्वा म्हणाल्या. "पर नाइलाज न्हवता. ती रोज बसत हुती. पैल्या दिवशी पडली, मग न्हाय पडली. लई चांगली बसती. आवडतं तिला. हसत हुती."

अध्यक्षांनी काठी हातात घेतली. पडली, बसली, इथपर्यंत त्यांनी कदाचित चालवून घेतलं असतं. हसत होती, ते त्यांना चालवून घेता आलं नाही. ते नमस्कार करून निघून गेले. मुख्याध्यापिका जाताना माझा हात दाबून गेल्या.

मी आयुष्यात कुणावर इतकी चिडले नव्हते. "एक शब्द! एक शब्द हो म्हणायचं होतं तुम्हाला! माझं पोट आहे त्या नोकरीवर, अव्वा. मला दुसरं कोण आहे?"

"ठावं हाय."

"मग का बोललात?"

त्यांनी ओट्यावरचा पाय हातानं उचलून जरा सरकवला. मग म्हणाल्या, "तू हसत हुतीस की गं. मग नाइलाज हुता असं मी कसं म्हणू?"

मला त्या उत्तराचा अर्थ त्या दिवशी कळला नाही, आणि कळून घ्यायचाही नव्हता. मी वर जाऊन दार लावलं. सत्राच्या शेवटी मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. मुख्याध्यापिकांनी खटपट करून मोहोळला लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत जागा मिळवून दिली. निघायच्या दिवशी मी अव्वांचा टांगा घेतला नाही. रस्त्यावरचा दुसरा बोलावला. अव्वा काठी टेकत दारापर्यंत आल्या, त्या परक्या घोड्याची मान थोपटली, आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "ह्येचा उजवा खांदा दुकतोय. सावकास ने." मला काही म्हणाल्या नाहीत. मीही नाही.

मोहोळ लहान गाव. शाळा बाजाराला लागून. मुली थोड्या, काम पुष्कळ. हेडमास्तर वाईट नव्हते, पण सोलापूरची हकीकत त्यांच्या कानावर आलेली होती. मला घेताना ते म्हणाले होते, "इथं नीट राहा म्हणजे झालं." मी नीट राहत होते. शाळेतून खोलीवर, खोलीवरून शाळेत. सोलापूरला पत्र टाकलं नाही. तिथूनही काही आलं नाही. अव्वांना लिहिता येत नव्हतं.

पुढली संक्रांत झाली, जत्रा झाली. एका बाजाराच्या दिवशी शाळा सुटता सुटता बाहेर गलका ऐकू आला. पाहिलं तर रस्त्यात हुसेनचाचाचा छकडा, मागं दावणीनं बांधलेले सगळे घोडे, आणि छकड्यात कडब्यावर काठी घेऊन बसलेल्या अव्वा. त्या वर्षभरात वाळल्या होत्या.

मी पायऱ्या उतरून गेले. म्हटलं, "रान तिकडं राहिलं. दक्षिणेला. तुम्ही उलट्या दिशेला आलात."

"हितं बी सीनेच्या काठी बाभळी हायती म्हनं. लई चांगलं रान न्हाय. चालंल."

हुसेनचाचानं मला सलाम केला आणि हळूच म्हणाला, "अम्मा को अब घोडे पर बैठना नै होता, बाई. पाँव मुडता नै." आणि लगेच बैलांचं जू सारखं करायला लागला.

अव्वा माझ्याकडे बघत होत्या. "राग हाय माजा?"

"आहे," मी म्हटलं.

"असंल की. हायेच तसं." त्यांनी काठीनं मागं दाखवलं. "पर चंद्रीनं काय केलंय?"

चंद्रीवर जीन चढवलेलं होतं. शाळेच्या पायरीवर मुली उभ्या होत्या. मागं हेडमास्तर. समोर अख्खा बाजार. अव्वांनी मला बस म्हटलं नाही. त्या वेळी म्हटलं असतं तर मी बहुधा बसले नसते. त्या नुसत्या वाट बघत होत्या, आणि मी नाही म्हटलं असतं तर तसाच छकडा वळवून सोलापूरला गेल्या असत्या, यात मला शंका नाही.

मी चंद्रीच्या गळ्यावर हात ठेवला. मग तिथंच, रस्त्यात, काचा मारला आणि रिकिबीत पाय घातला.

बाजारातून जाताना मी समोरच बघत होते. लोक काय म्हणताहेत ते मला ऐकायचं नव्हतं. पण एक म्हातारा शेतकरी वांग्यांच्या ढिगामागून उठून पुढं आला. आता हा काहीतरी बोलणार, असं वाटून मी लगाम आवळला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चंद्रीच्या पायांपासून कानांपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाला, "झ्याक हाय घोडी. कुणाची?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून, छकड्यातून, अव्वांचा आवाज आला. "बाईंची."

मला वाटलं, त्या आपलं म्हाताऱ्याला वाटेला लावायला म्हणाल्या.

सीनेच्या काठी त्यांचा मुक्काम आठवडाभर होता. मी रोज शाळा सुटली की जायचे आणि दिवे लागायच्या आत परत यायचे. कोणी मला काही विचारलं नाही. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, ते घोडी काय खाते एवढंच. अव्वा बाभळीला टेकून बसायच्या आणि मी वाटेवर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायच्या. त्या सोलापूरच्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही.

परतायच्या सकाळी मी निरोप द्यायला गेले. पाल उतरलं होतं, छकडा भरला होता, घोडे मागं दावणीला लागले होते. हुसेनचाचानं बैल हाकलले. छकडा वाटेला लागला, तेव्हा मला चंद्री तिथंच बाभळीला बांधलेली दिसली. तिच्यापुढं कडब्याची एक पेंढी होती.

"अव्वा!" मी ओरडले. "चंद्री राहिली!"

अव्वांनी मागं वळून पाहिलं नाही. छकडा चालतच होता. त्यांचा आवाज तेवढा आला.

"उनातनं आली की लगीच पानी दावू नगं तिला. जरा थांबून पाज."